भिंतीवरची माणसं आणि सभागृहातली माणसं

तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. सभागृहाची दुरुस्ती झाली आहे आणि राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी पुन्हा लावायच्या आहेत. कार्यकारिणीत मात्र एकमत नाही. कुणाला सरदार पटेलांची तसबीर नेहरूंपेक्षा मोठी हवी, कुणाला नेहरूच नकोत, तर कुणाला सुभाषबाबू गांधीजींच्या शेजारी नकोत. वाचनालयाचे कार्यवाह निवृत्त इतिहासशिक्षक आहेत. त्यांची भाची पुण्यात राज्यशास्त्र शिकवते आणि संविधान सभेतल्या चर्चा हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. तसबिरींखाली लावायच्या मजकुराचा मसुदा मामांनी तिला वाचायला दिला. त्यावरून दोघांत जे बोलणं झालं, ते असं.

भाची : मामा, मसुदा वाचला. भाषा नेटकी आहे. पण सहाही तसबिरींखाली मला एकच माणूस दिसतो. त्यागी, निष्कलंक, द्रष्टा. नावं झाकली तर यातले गांधी कोणते आणि पटेल कोणते, हे सांगता येणार नाही.

मामा : अगं, तसबिरीखाली कुणी चरित्र लिहीत नाही. चार ओळींत मोठेपण सांगायचं असतं. सातवीतला मुलगा तिथे अर्धा मिनिट थांबणार. तेवढ्यात त्याच्या मनात आदर निर्माण झाला, तर माझं काम झालं.

भाची : आदर हवाच. पण तो कशाबद्दल, हे त्याला कळायला नको का? कुणाची तसबीर किती मोठी यावर तुमच्याकडे वाद चालला आहे. पटेलांनी नेमकं काय केलं, यावर कार्यकारिणीत कुणी एक वाक्य तरी बोललं का?

मामा : नाही बोललं. खोटं कशाला सांगू?

भाची : गावातल्या लोकांनी हे स्वतःच्या मनानं ठरवलेलं नाही. देशाच्या राजकारणानं त्यांना जोड्या लावून दिल्या आहेत. पटेल विरुद्ध नेहरू, सुभाषबाबू विरुद्ध गांधी, आंबेडकर विरुद्ध बाकी सगळे. प्रत्येक पक्षानं आपापला माणूस निवडला, त्याला चौथऱ्यावर चढवलं आणि आपलं आजचं भाषण त्याच्या तोंडी घातलं.

मामा : म्हणजे मतभेद नव्हतेच, असं तुझं म्हणणं? मी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे. नेहरू-पटेलांचे मतभेद खरे होते.

भाची : खरे होते आणि खोलही होते. जानेवारी १९४८ पर्यंत तर पंतप्रधानांनी मंत्र्यांच्या कामात किती लक्ष घालायचं, यावरून दोघंही पद सोडण्याची भाषा करू लागले होते. ३० जानेवारीच्या संध्याकाळी गांधीजींना प्रार्थनेला निघायला उशीर झाला, तो पटेल त्यांच्याशी याच विषयावर बोलत बसले होते म्हणून. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ते पटेलांच्या पसंतीचे होते, नेहरूंना नको होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला तिबेटच्या प्रश्नावर पटेलांनी नेहरूंना चीनबद्दल सावध करणारं मोठं पत्र लिहिलं. पण याच कागदपत्रांत १ ऑगस्ट १९४७ चं नेहरूंचं पत्रही आहे. मंत्रिमंडळात येण्याचं रीतसर आमंत्रण देताना ते पटेलांना त्या मंत्रिमंडळाचा सर्वांत भक्कम आधारस्तंभ म्हणतात. ३ ऑगस्टला पटेल उत्तर देतात आणि उरलेल्या आयुष्याची निष्ठा नेहरूंच्या हवाली करतात. आज एक बाजू भांडणाची पत्रं दाखवते, दुसरी बाजू स्नेहाची. दोन्ही पत्रं एकाच वेळी टेबलावर ठेवायला कुणी तयार नाही.

मामा : पटेलांबद्दल माझंही थोडं ऐक. तुझ्या मामीचं माहेर परभणीकडचं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो मुलूख निजामाचा होता. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या धास्तीनं माणसं रातोरात घरं सोडून गेल्याच्या गोष्टी तिच्या माहेरी अजून सांगतात. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. त्या माणसांना पटेल मोठे आहेत हे कुठल्या पक्षानं शिकवावं लागत नाही. साडेपाचशेहून जास्त संस्थानं देशात आली, त्यामागे पटेलांची जरब होती आणि संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांची चिकाटी होती. असा माणूस १९५० च्या डिसेंबरात गेला आणि त्याला भारतरत्न मिळालं १९९१ मध्ये. हा विसरसुद्धा राजकारणानंच पाडला ना? मग २०१८ मध्ये नर्मदेकाठी १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, तेव्हा पुष्कळांना तो उशिरा मिळालेला न्याय वाटला, तर त्यांना दोष कसा देऊ?

भाची : लोकांना मी दोष देत नाही. नेहरूंना भारतरत्न १९५५ मध्ये, पंतप्रधान असतानाच मिळालं. आंबेडकरांना ते १९९० मध्ये, मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. देश घडवल्याचं श्रेय घेणाऱ्या पक्षानं आपल्याच सोबत्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि योजनांना, संस्थांना एकाच घराण्याची नावं देत गेला. आजच्या एकांगी आठवणींची मुळं त्या विसरात आहेत, हे मान्यच करायला हवं. पण जुन्या विसराची भरपाई नव्या विसरानं होत नाही. पुतळा उंच झाला म्हणून पटेल पूर्ण कळले असं होत नाही.

मामा : म्हणजे काय राहिलं?

भाची : ४ फेब्रुवारी १९४८ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, तेव्हा गृहमंत्री पटेल होते. २७ फेब्रुवारीला त्यांनी नेहरूंना कळवलं की गांधीहत्येच्या कटात संघाचा सहभाग नव्हता. १८ जुलैला त्यांनी मंत्रिमंडळातले सहकारी श्यामाप्रसाद मुखर्जी यांना लिहिलं की संघ आणि हिंदू महासभा यांच्या कारवायांमुळे देशात जे वातावरण तयार झालं, त्यात ही हत्या शक्य झाली. १९४९ च्या जुलैत बंदी उठली, तीही पटेलच गृहमंत्री असताना. आज कुणी बंदी सांगतो, कुणी फेब्रुवारीचं पत्र, कुणी जुलैचं. सगळे जण पटेलच सांगतात आणि प्रत्येकाचे पटेल अपुरे असतात. तसंच फाळणीचं. ती नेहरूंनी केली आणि पटेल असते तर झाली नसती, असं सर्रास बोललं जातं. फाळणी टळणार नाही, हे काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांपैकी ज्यांना लवकर उमगलं त्यांत पटेल होते. जून १९४७ च्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत त्यांनी फाळणीच्या योजनेच्या बाजूनं भाषण केलं. तो निर्णय त्यांनी जड मनानं पण डोळे उघडे ठेवून घेतला. त्यांच्या नावावरचा तो निर्णय पुसणं म्हणजे त्यांच्या धैर्याचाच एक भाग पुसणं आहे.

मामा : बरं. पण सुभाषबाबूंचं गांधी-नेहरूंशी फाटलं होतं, यात तर दुमत नाही?

भाची : फाटलं होतं. १९३९ मध्ये त्रिपुरीच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांची कोंडी झाली आणि त्यांना काँग्रेसचं अध्यक्षपद सोडावं लागलं. त्या कोंडीत पटेल पुढे होते. पटेलांचे थोरले बंधू विठ्ठलभाई यांनी मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेचा मोठा भाग परदेशातल्या प्रचारकार्यासाठी सुभाषबाबूंच्या हाती सोपवला होता. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला आणि निकाल सुभाषबाबूंच्या विरोधात गेला. नेहरूंना खाली ओढण्यासाठी आज पटेल आणि सुभाषबाबू यांना एका बाजूला उभं करतात, तेव्हा हे कुणाला आठवत नाही. आणि फाटल्यावर पुढे काय झालं तेही विसरतात. आझाद हिंद सेनेतल्या ब्रिगेडना गांधी, नेहरू आणि आझाद यांची नावं होती. जुलै १९४४ मध्ये रंगून रेडिओवरून गांधीजींना राष्ट्रपिता म्हणणारे सुभाषबाबूच. आणि १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा कित्येक वर्षांनी वकिलाचा झगा चढवून नेहरू बचावाच्या बाजूला जाऊन बसले.

मामा : हे सगळं मला आवडतं गं. पण माझी काळजी निराळी आहे. वर्गातल्या मुलांना आजच्या कुठल्याही पुढाऱ्याबद्दल विचार, ती हसतात. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की राजकारणात सगळे सारखेच. त्यांच्यापाशी विश्वास ठेवायला उरलेली ही सहा-सात माणसं आहेत. तू त्यांचेही खटले, पत्रं, कुरघोड्या दाखवल्यास, तर मुलं म्हणतील, हेही तसलेच होते. लोकशाहीला नुसती माहिती पुरत नाही. कुणावर तरी जीव जडावा लागतो.

भाची : तुमची भीती मी वर्गात रोज पाहते. म्हणूनच मला निष्कलंक हा शब्द खटकतो. निष्कलंक म्हणून शिकवलेला माणूस मुलाच्या मनात फार दिवस टिकत नाही. व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो, एक अर्धवट वाक्य येतं, आणि त्याला वाटतं की शाळेनं आपल्याला फसवलं. मग तो त्या माणसाचं खरं कामही नाकारतो. ज्याला आधीच माहीत आहे की नेहरू चुकले, पटेल चिडले, गांधी हट्टाला पेटले आणि तरीही त्यांनी अमुक एक गोष्ट उभी केली, त्याला तो संदेश हादरवू शकत नाही. मुलांचा जीव जडवायचा असेल, तर तो खऱ्या माणसांवर जडवू या.

मामा : नेहरू चुकले, हे तू मजकुरात लिहिणार?

भाची : नेहरूंनी स्वतःबद्दल यापेक्षा कडक लिहिलं आहे. १९३७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात चाणक्य या टोपणनावानं एक लेख आला. जवाहरलालमध्ये हुकूमशहा होण्याचे गुण आहेत, त्याच्या लोकप्रियतेपासून सावध राहा, त्याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असं त्यात म्हटलं होतं. तो लेख नेहरूंनीच लिहिला होता. सत्ता अजून हातात आलेलीही नव्हती, आणि हा माणूस आपल्या जयजयकाराबद्दल लोकांना सावध करत होता. त्यांचे भक्त हा लेख फारसा सांगत नाहीत आणि विरोधकांनाही तो सोयीचा नाही.

मामा : ठीक. आता मी तुला एक विचारतो. बाबासाहेबांचं काय? पुतळे, जयंत्या, तसबिरी या सगळ्याला तू राजकारणाची मूर्तिपूजा म्हणतेस. दलित वस्तीच्या तोंडाशी निळा कोट घातलेला, हातात संविधान घेतलेला पुतळा असतो. तोही त्यातलाच?

भाची : तुमचं उत्तर आधी ऐकू दे.

मामा : अजिबात नाही. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईनं बाबासाहेबांना पाडलं. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा हरले. दिल्लीला त्यांची आठवण नव्हती, तेव्हा ती जपली वस्त्यांनी. मजुरी करणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून पुतळे बसवले. त्या पुतळ्याचा अर्थ ही जागा आमचीही आहे, हा कायदा आमचाही आहे, असा होता. म्हणून तर तो काहींना सहन झाला नाही. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैत झाला. त्यावरून दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर उतरले, राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. या स्मरणासाठी माणसांनी जीव दिला आहे. त्याला सरकारी पुतळ्याच्या मापानं मोजू नकोस.

भाची : नाही मोजत. हा फरक मला पूर्ण मान्य आहे.

मामा : आणि आणखी एक. पूजा करणारी माणसं वाचत नाहीत, असं शिकलेले लोक धरून चालतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जा. तिथे पुस्तकांचे गाळे असतात. खेड्यातून आलेली माणसं पिशव्या भरभरून ग्रंथ घेऊन जातात. वसंत मून यांनी संपादित केलेले बाबासाहेबांचे खंड १९७९ पासून सरकारनं छापायला घेतले. त्यातल्या ‘रिडल्स इन हिंदूइझम’वरून १९८७-८८ मध्ये वाद पेटला, तेव्हा तो मजकूर वगळू देणार नाही म्हणून मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पुतळ्याला हार घालणारेच लोक त्यांच्या शब्दांसाठी रस्त्यावर आले.

भाची : तुमच्या या बोलण्यातून मला एक कसोटी मिळते, मामा. स्मरण कोण करतं आणि त्यातून काय मागतं, हे पाहायचं. वस्तीनं केलेलं स्मरण सत्तेकडे हक्क मागतं. सत्तेनं केलेलं स्मरण बहुतेक वेळा प्रश्नांपासून सुटका मागतं. जो पक्ष बाबासाहेबांच्या पुतळ्याचं उद्घाटन करतो, तो गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगाराबद्दल त्या व्यासपीठावर उत्तर देत नाही. गांधीजींचा चष्मा स्वच्छतेच्या मोहिमेला चालतो. पण गांधीजींच्या लेखी स्वच्छतेचा प्रश्न अस्पृश्यतेपासून वेगळा नव्हता, ते त्या चित्रात येत नाही. हे दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळेच करतात.

मामा : मग बाबासाहेबांच्या तसबिरीखालचा माझा मजकूर तरी राहू दे. घटनेचे शिल्पकार.

भाची : राहू दे. त्याला भक्कम पुरावा जोडू या. काही जण हल्ली म्हणतात की खरी घटना संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी लिहिली. 

मामा : आणि ते का म्हणतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. श्रेय काढून घ्यायला.

भाची : हेतू तोच असतो. पण आपण त्याला उत्तर म्हणून रावांचं नाव लपवायला लागलो, तर आपण हरतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः रावांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मोकळेपणानं श्रेय दिलं. आणि त्याच्या वर्षभर आधी, ५ नोव्हेंबर १९४८ ला, संविधान सभेचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहाला सांगितलं होतं की मसुदा समितीच्या सातांपैकी एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, कुणी राज्याच्या कामात, कुणी दिल्लीपासून दूर. त्यामुळे मसुद्याचा भार अखेर आंबेडकरांवर पडला आणि त्यांनी तो वाहिला. पूर्ण नोंद वाचली की बाबासाहेब लहान होत नाहीत. दुसऱ्यांना श्रेय देणारा माणूस म्हणून आणखी मोठे होतात.

मामा : आणि ते त्या सभागृहात पोहोचले कसे, हेही लिही. पहिल्यांदा ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीनं निवडून गेले. फाळणीनं ती जागा गेली. मग राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ ला मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्यांना मुंबईतून निवडून पाठवायला सांगितलं.

भाची : याच ठिकाणी मला सर्वांत मोठी गोष्ट दिसते. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा जाब विचारणारा जाडजूड ग्रंथ काढला होता. दोन वर्षांनी ते काँग्रेसच्या पाठिंब्यानं संविधान सभेत आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. त्याच मंत्रिमंडळात हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी होते, पटेल होते, अमृत कौर होत्या. कुणीही आपलं मत गिळलं नव्हतं. मुखर्जी १९५० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले, बाबासाहेब १९५१ मध्ये. हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. पण जितका काळ एकत्र बसणं देशाला गरजेचं होतं, तितका काळ ते एकत्र बसले. आज प्रत्येक पक्ष यातला एकेक माणूस उचलून नेतो आणि त्यांचं एकत्र बसणं मागे पडतं.

मामा : म्हणजे तुझ्या मते भिंतीवर माणसांऐवजी सभागृह लावायचं.

भाची : माणसं लावा, पण सभागृहासकट. ९ डिसेंबर १९४६ ला ते पहिल्यांदा भरलं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. के. टी. शहांनी १९४८ च्या नोव्हेंबरात पहिल्याच कलमात ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ हे शब्द घालायला सांगितले. बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही. त्यांच्या उत्तराचा रोख मुख्यतः समाजवादावर होता. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या लोकांनी ठरवायचं, आपण आज ते बांधून ठेवायचं नाही, असं ते म्हणाले. आज घटनेच्या प्रस्तावनेतल्या अशाच शब्दांवर भांडणारे दोन्ही गट त्या चर्चेतला आपल्या सोयीचा तुकडा तोडून घेतात. हरी विष्णू कामतांनी १९४९ च्या ऑक्टोबरात प्रस्तावनेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी अशी दुरुस्ती आणली. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, आणि ती पडली. कुणी कामतांना देशद्रोही म्हटलं नाही, कुंझरूंना धर्मद्रोही म्हटलं नाही. जयपालसिंग मुंडांनी तर सुरुवातीलाच ऐकवलं की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका. के. हनुमंतय्यांची तक्रार होती की त्यांना वीणा-सतारीचं संगीत हवं होतं आणि ऐकू आला इंग्रजी बँड. घटनेतलं काय काय आवडलं नाही, हे घटना बनवणारेच सांगत होते.

मामा : आणि पंधरा बायका होत्या त्या सभेत. त्यांच्यापैकी एकीचीही तसबीर आपल्याकडे नाही, हे मला आत्ता जाणवतं आहे.

भाची : १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं सभागृहाला राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या हंसा मेहता मुंबईच्याच. दाक्षायणी वेलायुधन या त्या सभेतल्या एकमेव दलित स्त्री. राजकारणाला जोड्या लावायच्या असतात, म्हणून ज्यांची कुणाशी जोडी लागत नाही त्यांची नावं गळतात.

मामा : बरं, या माणसांनी जिथे तत्त्व सोडलं, त्याचं काय करायचं? तेही मुलांपुढे ठेवायचं?

भाची : ठेवायचं. फेब्रुवारी १९५० मध्ये, घटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा पटेलांनी आणला. पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. घटना बनवणारं तेच सभागृह, थेट निवडणूक अजून झालेली नव्हती, आणि नेहरू सरकारनं भाषणस्वातंत्र्यावरची बंधनं वाढवली. श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. आणि त्याच दुरुस्तीनं मागासवर्गीयांसाठी खास तरतुदींचा मार्ग मोकळा करणारं पोटकलम आलं, जमीनसुधारणांना संरक्षण मिळालं. एकाच कायद्यात स्वातंत्र्याला कात्री आणि सामाजिक न्यायाला आधार. यातलं एकच टोक सांगून आपण नेहरूंना हुकूमशहाही ठरवू शकतो आणि देवही.

मामा : हे सातवीतल्या मुलाला झेपेल?

भाची : दोन मित्र एका गोष्टीवर भांडले आणि दुसऱ्या गोष्टीवर एकत्र आले, हे सातवीतल्या मुलाला रोज झेपतं. निष्कलंक माणूस मात्र त्यानं कधी पाहिलेला नसतो.

मामा : मला बाबासाहेबांचंच एक आठवतं. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात, गोखले हॉलमध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला त्यांचं भाषण झालं. रानड्यांना त्यांनी मोठं म्हटलं आणि त्याच भाषणात गांधी आणि जिना यांच्या अहंकारावर बोट ठेवलं. वर्तमानपत्रं तुटून पडली. पुढे ते भाषण छापताना प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की मी मूर्ती पूजणारा नाही, मूर्ती फोडणारा आहे. मी ते वर्गात शिकवलं आहे. आणि तरी १४ एप्रिलला मी हार घालतोच. तू यात विसंगती काढशील.

भाची : नाही काढणार. कारण २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी धर्मातली भक्ती आणि राजकारणातली भक्ती वेगळी केली आहे. राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा जिवंत माणसाच्या हातात आपले सगळे हक्क सोपवण्याबद्दल होता. मेलेल्या माणसाबद्दलची कृतज्ञता तिथे त्यांना खुपत नव्हती. आणि त्याच भाषणात त्यांनी जेफरसनचा दाखला दिला. प्रत्येक पिढी हे जणू एक स्वतंत्र राष्ट्र असतं, तिला आपल्यापुरतं ठरवायचा अधिकार असतो. संविधान सभेनं आपल्या कामावर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही, दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे, असं त्यांनी त्याला जोडून सांगितलं. संस्थापकांनी आपल्याला आज्ञाधारक वारस म्हणून पाहिलं नव्हतं. आपल्याकडून विचारानं घेतलेल्या निर्णयांची अपेक्षा केली होती.

मामा : इथे मात्र मी तुला अडवतो. दुरुस्तीची वाट मोकळी आहे, हे वाक्य ज्यांना सगळंच पाडायचं आहे त्यांनाही उपयोगी पडतं. त्यांनीच लिहून ठेवलं आहे, असं म्हणत उद्या कुणी समतेवरच हात घालेल. म्हणून मला काही गोष्टी पवित्र ठेवाव्याशा वाटतात. माणसं नसतील, पण समता, मतदानाचा हक्क, बोलण्याचं स्वातंत्र्य.

भाची : यावर आपलं एकमत आहे. फक्त या गोष्टी पवित्र राहतात त्या कुणा थोर माणसानं सांगितल्या म्हणून नव्हे. त्या का हव्यात, याची कारणं प्रत्येक पिढीला स्वतःच्या तोंडानं सांगता आली, तर राहतात. कारणं विसरली आणि फक्त तसबीर उरली, तर त्या तसबिरीसमोर उभं राहूनच समता मोडता येते. तसबीर काही बोलत नाही.

मामा : मग असं करू. तसबिरी सगळ्या एका मापाच्या. हंसा मेहता आणि दाक्षायणी वेलायुधन यांच्या दोन वाढवू. प्रत्येकीखाली तीन गोष्टी. या व्यक्तीनं काय उभं केलं, ते आधी आणि ठसठशीत. मग तिच्या कुठल्या मताला कुठल्या सहकाऱ्यानं विरोध केला. आणि शेवटी तिची कोणती गोष्ट अपुरी राहिली. निष्कलंक हा शब्द काढून टाकतो. पण त्यागी राहील. तुरुंगात वर्षं घालवलेल्या माणसांचा तो शब्द मी काढणार नाही.

भाची : तो राहायलाच हवा.

मामा : कार्यकारिणीत गोंधळ होईल. ज्यांना नेहरू नकोत ते म्हणतील, पटेलांच्या खाली नेहरूंचं नाव का? दुसरे विचारतील, नेहरूंच्या खाली पहिली घटनादुरुस्ती का?

भाची : होऊ द्या. निदान तो वाद तसबिरीच्या मापावरून निघून घडलेल्या गोष्टींवर येईल. आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, घटनेच्या प्रस्तावनेचं सामूहिक वाचन झालं की मुलांकडून ती चर्चा करवून घेऊ. कुणी कामत होईल, कुणी कुंझरू, कुणी के. टी. शहा, कुणी आंबेडकर. मूळ नोंदी मी आणते. शेवटी मतदान घेऊ.

मामा : चालेल. माझी एक अट आहे. जो मुलगा कामतांची बाजू मांडणार, त्यानं कुंझरूंचं भाषणही वाचून यायचं. शहांची बाजू घेणाऱ्यानं आंबेडकरांचं उत्तर लिहून आणायचं. आणि मतदानात जी बाजू हरेल, तिचं म्हणणं फळ्यावर पुरतं लिहून मगच सभा संपवायची. त्या माणसांनी तेवढं एकमेकांसाठी केलं होतं.